एक्स-रेत नसलेली सावली

तीन-चार महिन्यांच्या बाळाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. तोंडातला पांढरा थर औषधाने जातो, परत येतो. वजन वाढत नाही. आपल्या वस्तीत अशा बाळासाठी ताबीज येते, दम केलेले पाणी येते आणि छातीचा एक्स-रेही निघतो. दुआ जरूर करावी. मला बोलायचे आहे ते त्या एक्स-रेबद्दल.

त्यात सगळे फुप्फुसावरचा डाग शोधतात. पण तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस ग्रंथीची रुंद सावली दिसायला हवी. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत तयार होतात. 'स्किड' या जन्मजात आजारात ती बहुधा इवलीशी असते, म्हणून सावलीच दिसत नाही. मोठ्या आजारपणातही थायमस आक्रसते, तेव्हा एवढ्यावरून निदान होत नाही. पण संशय घ्यायला एवढे पुरे, आणि पुढची पायरी स्वस्त आहे. साध्या सीबीसीत लिम्फोसाइटची एकूण संख्या पाहायची. तान्ह्या बाळात ती ३००० च्या खाली असेल तर तज्ज्ञ गाठावा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था याच आजारांवर काम करते.

पहिल्या साडेतीन महिन्यांत, संसर्ग होण्याआधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले तर दहापैकी नऊ बाळे वाचतात. अमेरिकेत टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवरून प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते. आपल्याकडे तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. मग उरते काय? एक्स-रे आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत.

ती हकीकतच आपण दाबतो. डॉक्टर विचारतात, नवरा-बायको नात्यातले का? आधीचे मूल गेले का? आई तोंड उघडण्याआधी सासू "नाही" म्हणून मोकळी होते. नात्यातल्या लग्नावरून टोमणा ऐकावा लागेल, ही भीती खोटी नाही. काही डॉक्टर विचारतातच तशा सुरात. खरे तर मामाची मुलगी करण्याची चाल मराठी हिंदूंतही आहे. स्किडचे काही प्रकार आई-बाप दोघांकडून येतात, नात्यात त्यांची शक्यता वाढते. एक प्रकार आईकडून मुलग्यांना येतो, तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंधच नाही.

"पहिला मुलगाही असाच न्यूमोनियाने गेला," एवढे एक वाक्य कानावर पडले तर डॉक्टर तीच फिल्म पुन्हा उजेडासमोर धरतील. पुढच्या बाळंतपणात तर ते प्रसूतीआधीच सांगावे. बीसीजी जन्मतःच टोचतात. ती जिवंत लस आहे. इतर बाळांना ती हवीच, स्किडच्या बाळात मात्र अंगभर पसरू शकते. तपासणी होईपर्यंत ती थांबवता येते.