बाहेरचा कोण, घरचा कोण?

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली की चकलीबरोबर एखादी तक्रारही कुरकुरते. सातारा-सांगलीकडे अलीकडे ही तक्रार ठरलेली असते : “आमची पोरे आयटीआय करून घरी बसली आहेत आणि कारखान्यात पाहावे तर सगळे बाहेरचे!” तक्रार करणारे गृहस्थ खोटे बोलत नाहीत. या भागातल्या औद्योगिक वसाहतींतल्या ओतकामाच्या भट्ट्यांपुढे आज उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसाकडची मुले उभी दिसतात. पण वाचकहो, ‘बाहेरचा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी ज्या यंत्रांवर हा भाग नावारूपाला आला, त्यांची कुळकथा एकदा ऐकून घेऊ.

डिझेल इंजिन घ्या. बंद नळकांड्यात हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापावी, आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा. ठिणगीवाचून तेल पेटते आणि दट्ट्या रेटला जातो. वाफेचे इंजिन कोळशातली जेमतेम दहावा हिस्सा शक्ती कामी लावी, त्या काळात १८९७ साली रुडॉल्फ डिझेलच्या यंत्राने तेलातली सुमारे पाव शक्ती कामाला लावून दाखविली. हा डिझेल कोण? पॅरिसमध्ये पोट भरायला आलेल्या एका जर्मन पुस्तकबांधणाऱ्याचा मुलगा. १८७० मध्ये लढाई पेटली तेव्हा ‘परके’ म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता.

आता आपल्या अंगणात येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावकडचे. तिथल्या कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगर, चरक, पंप तिथून गावोगाव गेले. माणसे कोठकोठून गोळा झाली होती! तुरुंगातून सुटलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याच्या कामावर विश्वासाने ठेवले. पलीकडे सातारा रोडला धनजीशहा कूपर या पारशी गृहस्थांनी नांगरांचा कारखाना काढला आणि १९३०च्या दशकात तिथे तेलावरची इंजिनेही तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. विहिरीवरची मोट जाऊन इंजिनाची टकटक ऐकू येऊ लागली, ती अशी.

आणि आपली माणसे? ती तरी घरी कुठे बसली? पाटण-जावळीकडचे तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि बंदरावर गेले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतली मुले सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन थेट दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या सराफ पेठांत पोहोचली. विट्याच्या बाजूला नवा बंगला दिसला तर त्याचा मालक बहुधा परमुलखात गलाईच्या भट्टीपुढे बसलेला असतो. त्या मुलखाच्या दृष्टीने आपणच बाहेरचे!

मग तक्रार खोटी म्हणायची? नाही. तिचा काटा मात्र चुकीच्या पायात शोधला जातो. दूरदेशचा मजूर कारखान्यात येतो तो पुष्कळदा कंत्राटदारामार्फत. कधी त्याचे नाव हजेरीपटावर धड नसते, फंड कापला जातो की नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि एका खोलीत आठ-दहा जण झोपतात. तो स्वस्त पडतो तो बिहारचा म्हणून नव्हे, बिननावाचा म्हणून. त्याला हुसकून लावले तर कंत्राटदार दुसरा बिननावाचा माणूस शोधील, आणि तो आपला गाववालाही असू शकेल.

यावरचा उतारा सातारकरांनीच एकदा शोधला आहे. मुंबईच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहणारे हमाल असेच बिननावाचे होते. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. मालकाची नोंद, हमालाचीही नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर फंड, रजा, बोनस यांसाठी मालकाकडून वेगळी पट्टी. ओझे तेच राहिले, पण ते वाहणाऱ्याला नाव मिळाले. ओतशाळेतल्या परप्रांतीयाला असेच नाव आणि गाववाल्याइतकाच पगार मिळाला, तर स्वस्ताईची शर्यत संपेल आणि कसबाची सुरू होईल. त्या शर्यतीत आपली मुले मागे राहतील असे मला वाटत नाही.

एक कडू गोष्ट आपणही गिळली पाहिजे. वितळलेल्या लोखंडापुढे आठ तास उभे राहण्याचे काम आपल्यापैकी किती आईबापांना मुलासाठी हवे आहे? आपल्याला हवी ती सावलीतली खुर्ची. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय गावी निघून गेले, तेव्हा भट्ट्यांना त्यांची वाट पाहावी लागली. इंजिनाचे शास्त्रही थांबलेले नाही. १ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या इंजिनांना धुराचे फार कडक नियम लागू झाले. थोडक्या तेलात, थोडक्या धुरात तेवढीच शक्ती काढायची, तर फवाऱ्याची वेळ क्षणाच्या सूक्ष्म भागापर्यंत सांभाळावी लागते. त्याला शिकलेला डोळा हवा, तसाच साच्यात लोखंड ओतणारा सरावाचा हातही हवा. तो हात कुठल्या जिल्ह्यातला हे नळकांड्याला कळत नाही. ओतकामात पोकळी राहिली तर मात्र लगेच कळते.

तेव्हा कारखान्याच्या फाटकावर ‘तू कुठला?’ असे विचारण्याआधी ‘तुझे नाव पटावर आहे का?’ असे विचारावे. मुंबईत, चेन्नईत आपल्या मुलासाठी दुसऱ्या कोणीतरी हाच प्रश्न विचारावा, अशी त्याच्या आईची इच्छा असतेच की!