न तपासलेल्यांचा गट



माझी आत्या तासगावात शेडवर बेदाणा निवडायची. पाळी बंद होऊन दोन वर्षं झालेली आणि अंगावरून पुन्हा रक्त जायला लागलं. ‘उष्णता असंल’ म्हणाली, सब्जा भिजवून प्याली आणि कामावर गेली. खाडा झाला की मजुरी बुडते. मिरज लांब नाही. दवाखान्यांचं गाव, एसटी रोज जाते. पण ती तिथं पोचली तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. सहा महिन्यांत गेली. गोदीतून रजा काढून मी मातीला आलो. बाया म्हणत होत्या, नशीब.

नशीब नव्हे. मी माल उचलणारा माणूस, मला हिशेब कळतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू अंगात मुक्काम ठोकतो, मग बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. तेवढ्यात कुणी वेळेवर बघितलं तर बाई वाचू शकते. 1998 साली टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच करून बघायला घेतलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवलं. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असतं तसलं व्हिनेगरच, कापसाने लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. सुमारे 75 हजार बायांच्या गटाला ही तपासणी दिली. सुमारे 76 हजारांच्या दुसऱ्या गटाला आजाराची माहिती दिली, तपासणी नाही. 2013 साली निकाल सांगितला. पहिल्या गटात या कॅन्सरने 67 जणी मेल्या, दुसऱ्यात 98.

विज्ञानाला तुलना लागते म्हणे. लागत असेल. पण न तपासलेल्या बाया त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत. वस्त्याच्या वस्त्या तयार होत्या. गरिबाच्या बाईला न तपासणं हीच या देशाची रीत होती, आणि खरा गुन्हा तो आहे.

2016 साली केंद्र सरकारने कागदावर लिहिलं की तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या 100 बायांत ही तपासणी झालेल्या दोनसुद्धा नाहीत! प्रयोग संपला, दुसरा गट संपला नाही. माझी आत्या त्याच गटात होती. फक्त तिचं नाव कुणी लिहून घेतलं नाही.

म्हणून मागतो, भीक नव्हे, हक्क. तपासणी शेडवर आणा, वस्तीत आणा. त्या दिवसाची मजुरी भरून द्या. डाग सापडला तर तारखा देऊ नका, उपचार द्या. आणि हे काम आपल्याच दहावी झालेल्या पोरींना शिकवा, पगारावर ठेवा.

आणि पोरांनो, मोर्च्यात घसा फोडणं सोपं आहे. आज घरी जा. आईला, बहिणीला, बायकोला विचारा, तुला कधी कुणी तपासलं का? लाज वाटेल. वाटू द्या. आपल्या लाजेपायी आता एकही बाई मरता कामा नये.