काका, फ्युजनमध्ये करिअर होतं का हो?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा गल्लीतल्या एका पोराने मला रस्त्यात गाठलं. एम.एस्सी. फिजिक्स, मार्क चांगले, सध्या तलाठी भरतीची तयारी करतोय. म्हणाला, "काका, तुम्ही मागे ते कृत्रिम सूर्याचं छापलं होतं ना? त्यात खरंच करिअर होतं का हो?"

मी जरा ओशाळलो. डिसेंबर २०२२ मधली ती बातमी मीच लावली होती. हेडिंग दिलं होतं, "आता वीज फुकट?" प्रश्नचिन्ह टाकलं की आम्हा पत्रकारांची जबाबदारी संपते, असा आमचा समज. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरने इंधनाच्या इवल्याशा गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ बाहेर आली, हे खरं होतं. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्च झाली, ही ओळ मी छापलीच नाही. हेडिंगची हवा गेली असती ना!

म्हणून या वेळी पोराला उत्तर देण्याआधी वाचायला बसलो. आणि एका माणसापाशी थांबलो. प्रा. पी. के. काव.

काव यांचा जन्म १९४८ चा, श्रीनगरचा. १९६६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी दिल्ली आयआयटीची पीएच.डी.! आपली पोरं त्या वयात बारावीच्या क्लासची फी भरत असतात. मग प्रिन्स्टन, अमेरिका. १९७१ ला परत, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत. १९७५ ला पुन्हा प्रिन्स्टन. तिथे चांगलं बस्तान बसलेलं असताना १९८२ ला कायमचे परत आले. अहमदाबादेत प्लाझ्मा फिजिक्सचा कार्यक्रम सुरू केला. त्यातूनच १९८६ मध्ये गांधीनगरजवळच्या भाट गावी इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च उभी राहिली. पहिले संचालक काव.

आता फ्युजन म्हणजे काय ते आपल्या भाषेत. हायड्रोजनची जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, एकत्र आणून जोडायची. जोडताना ऊर्जा बाहेर पडते. सूर्य याच जातीच्या क्रियेवर चालतो. पण त्यासाठी इंधन १५ कोटी अंशांच्या घरात तापवावं लागतं. एवढं गरम ठेवायचं कशात? भांडं तर वितळेल. म्हणून मेदुवड्याच्या आकाराची पोकळी करायची आणि चुंबकाच्या जोरावर तो तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला न शिवता आत फिरवत ठेवायचा. त्या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

देशी बनावटीचा पहिला टोकामॅक 'आदित्य' १९८९ मध्ये या संस्थेत सुरू झाला. त्यातला प्लाझ्मा सेकंदाचा जेमतेम एक हिस्सा टिकायचा. पुढचं यंत्र 'एसएसटी-१'. त्याचे चुंबक उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवायचे आणि शेजारीच तापलेला प्लाझ्मा! अडचणी आल्या, जोडलेलं यंत्र पुन्हा खोलावं लागलं. पहिला प्लाझ्मा मिळाला २०१३ मध्ये. तोवर काव संचालकपदावरून उतरले होते. २०१७ च्या जूनमध्ये ते गेले.

हिशेब करा. पन्नास वर्षांची कारकीर्द आणि फ्युजनच्या विजेवर घरातला एक बल्बसुद्धा लागला नाही. आपल्या भाषेत "मग केलं काय यांनी?"

हाच प्रश्न आपल्याला घात करतो. डॉ. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत सांगितलं होतं की दोन दशकांत फ्युजनवर ताबा मिळवण्याची रीत सापडेल. ट्रॉम्बे उभं करणाऱ्या माणसाचाही अंदाज चुकला. फ्रान्समध्ये सात भागीदारांचा 'इटर' प्रकल्प उभा राहतोय, त्याचं वेळापत्रकही २०२४ मध्ये पुन्हा पुढे गेलं. आता खरं इंधन घालून चालवायला २०३९ उजाडेल म्हणतात. आज वीज हवी असेल तर छतावर सोलर लावा, यात वादच नाही.

पण त्याच 'इटर'मध्ये भारत २००५ पासून भागीदार आहे आणि त्याचं ३,८५० टनांचं अवाढव्य बाहेरचं कवच हजिऱ्याच्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी बनलं. दवाखान्यातला घातक कचरा प्लाझ्माने नष्ट करायचं तंत्र याच गांधीनगरच्या संस्थेने विकसित केलं. हे जमलं, कारण ज्यांना हे काम येतं अशी माणसं तिथे वर्षानुवर्षं तयार होत गेली. काव यांची खरी कमाई ती. यंत्र मोडलं तर परत जोडता येतं. शिकवणाऱ्यांची साखळी तुटली की संपलं.

आणि ती साखळी आपल्याकडे कुठे आहे? आमच्याकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर किती तरी वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. सुट्टीत पगार बंद. दुपारी ते भावाच्या दुकानात बसतात. प्रयोगशाळेला कुलूप, कारण सहायकाची जागा भरलेली नाही. जो माणूस पुढच्या जूनमध्ये आपण असू का याची खात्री देऊ शकत नाही, तो पोराला पन्नास वर्षांचं स्वप्न कसं दाखवणार?

पोराला मी सांगितलं, "होतं बाबा करिअर. जेस्ट नावाची परीक्षा असते, गांधीनगरच्या संस्थेत पीएच.डी. करता येते, ती आपल्या मुंबईच्या होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटशी जोडलेली आहे. फॉर्म भर. तलाठ्याचाही भर, घरची परिस्थिती मला माहीत आहे."

तो हसला. म्हणाला, "काका, जेस्टचं नाव कॉलेजात कोणीच घेतलं नव्हतं."

म्हणून एकच विनंती. निवडणुकीत मत मागायला येतील तेव्हा रस्ता-गटार विचाराच. पण जोडीला हेही विचारा: आपल्या कॉलेजात विज्ञानाच्या कायम जागा किती, भरलेल्या किती?

माझ्यापुरतं सांगतो, कृत्रिम सूर्याचं हेडिंग परत देणार नाही. त्या कुलपाची बातमी मात्र नक्की लावीन. तुमच्याकडच्या कॉलेजात काय स्थिती आहे, खाली लिहा.