शौक आणि दिखावा

माझा मामेभाऊ फ्रान्समध्ये, मार्सेयला राहतो. गेल्या महिन्यात त्याने एका जुन्या प्यूजो ५०४ चा फोटो पाठवला आणि फोन करून विचारले, "भाईजान, रोजच्या वापराला घेऊ का?" मी उत्तर देण्याआधीच मागून भाभीचा आवाज आला, "मुलांना त्या डब्यात बसवणार?"

मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. तरीही सांगतो, दोघांचेही बरोबर आहे.

प्यूजो हे नाव आपल्याला परके नाही. नव्वदच्या दशकात कल्याणला तिची ३०९ बनत होती. ५०४ मात्र त्याआधीची, १९६८ ची. दुसऱ्याच वर्षी ती युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. पण तिचे खरे नाव झाले ते खराब रस्त्यांवर. १९७५ आणि १९७८ ची सफारी रॅली तिने जिंकली. नायजेरियात कादुनाच्या कारखान्यात ती तयार होत असे. तिच्या 'फामिलियाल' मॉडेलमध्ये आसनांच्या तीन रांगा. सुट्टीत छतावर सामान बांधून फ्रान्समधली मोरोक्कन, अल्जेरियन कुटुंबे अशाच गाड्यांतून आपल्या गावी जात.

अशी गाडी पुसूनपासून कापडाखाली झाकून ठेवणे म्हणजे दिखावा. ती चालवणे, दुरुस्त करणे, बाजारहाटाला नेणे ही तिची कदर. म्हणून मी घेण्याच्या बाजूचा आहे. पण शौकाची किंमत मुलांनी मोजू नये.

त्यासाठी पहिली गोष्ट, रंगाच्या चमकेला भुलू नये. इंजिनाचे काम करून घेता येते, गंजलेला सांगाडा मात्र घर विकायला लावतो. दाराखालचा पत्रा, गाडीचा तळ, चाकांवरच्या कमानी नीट पाहाव्यात.

दुसरी, पहिला पैसा ब्रेक, टायर आणि सीटबेल्टवर खर्च करावा. या गाडीत एअरबॅग नाही. जुन्या गाड्यांत मागे बेल्टही नसतात. जिथे बेल्ट नाही, तिथे मूल बसवायचे नाही. यात तडजोड नको.

तिसरी गोष्ट नीयतीची. फ्रान्समध्ये तीस वर्षांहून जुन्या गाडीची 'कलेक्शन' म्हणून नोंदणी करता येते आणि मग तिची सक्तीची तपासणी पाच वर्षांतून एकदाच होते. कायद्याने ही सवलत वर्षातून थोडीच फिरणाऱ्या गाडीचा विचार करून दिली असावी. जो रोज मुलांना शाळेत सोडणार, त्याने ती सवलत विसरावी आणि दरवर्षी गाडी तपासून घ्यावी. कायदा विचारत नाही म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

भावाला मी एवढेच म्हणालो, "गाडी पाहायला भाभीला सोबत ने. टॉर्च तिच्या हातात दे आणि गाडीखाली तिलाच पाहू दे. तिने नको म्हटले, तर सौदा तिथेच सोड."