पाइप भिंतीत जाण्याआधी

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात, उल्हासनगरात, बदलापुरात बैठी घरे जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या घरांतले गंजके लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवले जात आहेत. तुमच्याकडेही काम निघाले असेल, तर टाइल्स निवडण्याआधी पाइप निवडा. भिंतीतला पाइप गळू लागला की तुमची भिंत फुटते, खालच्यांचे छत ओले होते आणि वर्षानुवर्षांचा शेजार बिघडतो.

पहिल्या दिवशी कुठलाही पाइप चांगलाच वाटतो. पण दाबाखाली राहून प्लास्टिक हळूहळू थकते, आणि उष्णतेने लवकर थकते. म्हणून यूपीव्हीसी पाइपचा नमुना कारखान्यात ६० अंश तापमानाला, आत दाब देऊन, १००० तास ठेवतात. म्हणजे जवळजवळ ४२ दिवस.

ही चाचणी तुम्हाला घरी करता येणार नाही. तिची खूण मात्र वाचता येते. पाइपवर आयएसआयचा शिक्का बघा. गार पाण्याच्या यूपीव्हीसीसाठी आयएस ४९८५ आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८ हे आकडे लक्षात ठेवा. शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका. कंपनीचे नाव जुळते का पाहा. नुसत्या रंगावर जाऊ नका.

गीझरच्या लाइनला यूपीव्हीसी मुळीच घालू देऊ नका. तो ४५ अंशांच्या पुढच्या पाण्यासाठी नाही. सीपीव्हीसी गरम पाणी सोसतो, पण ८२ अंशांच्या पाण्यात त्याची दाब सोसायची ताकद गार पाण्याच्या मानाने सुमारे पाव उरते. म्हणून तिथे पातळ पाइप घेऊन पैसे वाचवू नका. जोड चिकटवायचे सोल्युशनही सीपीव्हीसीचेच वापरायला सांगा. एल्बो, टी, सॉकेटही त्याच दर्जाचे घ्या. गळती बहुतेक वेळा जोडातूनच सुरू होते.

पीव्हीसीत पूर्वी शिसे मिसळत. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. घरात लहान मूल असेल तर दुकानदाराला शिसेमुक्त पाइपच मागा. विचारायला संकोच कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचे. प्लास्टर होण्याआधी टेस्टिंग करून घ्या.

जोड सुकायला निदान एक दिवस द्या. सगळी तोंडे बंद करा. पाणी भरून आतली हवा काढा. मग हातपंपाने दाब द्या, रोजच्या दाबाच्या दीडपट. गच्चीवरची टाकी १० मीटर उंच असेल, तर खाली साधारण एक किलोचा दाब येतो. म्हणजे उंच इमारतीत तळमजल्याच्या जोडांवर ताण जास्त. प्रेशर पंप असेल तर त्याचाही दाब धरा. पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा काही तास जागेवर राहिला पाहिजे. तो उतरला तर प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, गळती सापडेल. कॉम्प्रेसरची हवा भरून टेस्टिंग कुणालाही करू देऊ नका. हवेने प्लास्टिकचा पाइप फुटला की तुकडे उडतात, डोळा जाऊ शकतो.

मिस्त्री म्हणेल, वेळ जातो. जाऊ द्या.

गच्चीवरच्या पाइपला ऊन लागते. उघडा पीव्हीसी उन्हात फिका पडतो आणि ठिसूळ होतो. त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग लावा किंवा तो झाकून घ्या.

गल्लीतली तुमची नळजोडणी गटारातून गेली आहे का, हेही एकदा वाकून बघा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येते. ते गेल्यावर रिकामा पाइप आत ओढतो, आणि बारीक चीर असेल तर गटाराचे पाणी तुमच्या पिंपात येते. कावीळ आणि जुलाब असेच घरात शिरतात. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. चार घरांनी मिळून पाइप गटाराच्या वर उचलून घ्या. एकट्याने केले तर खर्च जड जातो.

सगळे झाले की प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मापाची टेप लावून. तो आणि पाइपचे बिल एकत्र ठेवा. पुढे खिळा ठोकायची वेळ आली की पाइप कुठे आहे ते लगेच कळेल.