विकत घेतलेले पोलाद आणि शिकलेले पोलाद

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकहून इगतपुरीकडे निघालेल्या गृहस्थास वाडीवऱ्ह्याजवळ गोंदे येथे जो पोलादाचा कारखाना लागतो, त्याचे धनी आजवर तीन झाले. प्रथम तो रेमंड कंपनीचा होता. लोकरी कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या कंपनीने इ. स. २००० च्या सुमारास कापडाबाहेरचे आपले धंदे विकावयास काढले, तेव्हा तो थिसेनक्रुप या जर्मन पेढीच्या हाती गेला. आणि जानेवारी २०२५ अखेर श्री. सज्जन जिंदल यांची जेएसडब्ल्यू स्टील व जपानची जेएफई स्टील या दोन कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत तो आला. व्यवहार सुमारे ४,१५० कोटी रुपयांचा झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये भागीदारांनी येथील उत्पादन वर्षास ५० हजार टनांवरून अडीच लाख टनांवर नेण्याचा संकल्पही जाहीर केला. इतके भांडवल आपल्या जिल्ह्यात येत आहे हे ऐकून जमिनीचे भाव आणि वाहतुकीचे मक्ते यांचे हिशेब मनात मांडले जाणे साहजिक होय. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखाच विचार करावा, त्यात गैर काहीच नाही. परंतु या खरेदीत आपण नेमके काय घेतले आणि काय घेतले नाही, हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे विचारला जावयास हवा होता तितक्या स्पष्टपणे तो विचारलेला आमच्या पाहण्यात नाही.

या कंपनीची वाढ कोणत्या रीतीने झाली हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९८२ साली जिंदल घराण्याने तारापूरची एक लहानशी पोलाद गिरणी पिरामल यांजकडून घेतली आणि मुंबई-नाशिक लोहमार्गावरील वासिंद येथे आपला कारखाना घातला. आमच्यापैकी अनेकांनी तो गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. १९९४ साली कर्नाटकात तोरणगल्ल येथे विजयनगरच्या मोठ्या कारखान्याची कंपनी निघाली व २००५ साली या दोन्ही कंपन्या एक होऊन जेएसडब्ल्यू स्टील झाली. त्यानंतरचा इतिहास पुष्कळ अंशी दुसऱ्यांनी उभारलेले व कर्जात रुतलेले कारखाने ताब्यात घेऊन ते चालते करण्याचा आहे. २०१० साली रायगड जिल्ह्यातील डोलवीची इस्पात इंडस्ट्रीज कंपनीच्या हाती आली. तेव्हा तेथील शक्ती वर्षास ३३ लाख टनांची होती. ती आज १ कोटी टनांची आहे. धरमतरच्या खाडीत माल थेट उतरतो, मुंबईचे गिऱ्हाईक शेजारी आहे, आणि तरीही पहिल्या मालकांस ते ओझे पेलले नाही. त्याच जागी नव्या मालकांनी तिप्पट काम उभे केले, ही कर्तबगारी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. बुडीत धंदा विकत घेणाऱ्यास गिधाडाची उपमा देण्याची खोड आपल्याकडे आहे. परंतु बंद पडलेली भट्टी कामगारास मजुरी देत नाही व बँकेस व्याजही देत नाही.

या मार्गास धोके नाहीत असे मात्र नाही. ओडिशातील भूषण पॉवर अँड स्टील ही कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली सुमारे १९ हजार कोटींस घेऊन २०२१ मध्ये पैसे चुकते केल्यावर चार वर्षांनी, २ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द करून कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. ३१ जुलैस तो हुकूम परत घेतला गेला आणि २६ सप्टेंबर रोजी योजना कायम झाली. वकिली करणाऱ्या माणसास न्यायालयाने आपली चूक सुधारल्याचे समाधान वाटते. परंतु चुकत्या झालेल्या रकमेवर आणि चालत्या भट्टीवर पाच महिने टांगती तलवार राहावी, हे कोणत्याही व्यापारी कायद्यास भूषणावह नव्हे. असो. याच भूषण कंपनीचा निम्मा भाग १५,७५० कोटी रुपयांस जेएफईस देण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे देशी कंपनीने पडके घर विकत घेऊन डागडुजी करावी आणि मग जपानी भागीदारास अर्धे घर देऊन पुढच्या खरेदीस भांडवल मोकळे करावे, असे हे धोरण आहे. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. २०१० पासून जपानी कंपनीचा जेएसडब्ल्यूमध्ये सुमारे १५ टक्के हिस्सा आहेच, तेव्हा ही सोयरीक आजची नव्हे.

आता गोंद्याच्या मालाकडे वळू. येथील पोलाद पुलाचे नाही, सळईचे नाही, मोटारीच्या पत्र्याचेही नाही. विजेचे रोहित्र, ज्यास खेड्यापाड्यांत लोक ‘डीपी’ म्हणतात, त्याच्या गाभ्यात घालावयाचे हे पोलाद आहे. त्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते. बाहेरून आलेला पट्टा येथे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा होईपर्यंत थंड लाटतात, मग अशा रीतीने तापवितात की त्यातील असंख्य लोहकण एकाच दिशेस तोंड करून बसावेत. ते तसे बसले म्हणजे चुंबकशक्ती त्या दिशेने फारशा अडथळ्यावाचून धावते. या कणांस वळण लावण्याची युक्ती नॉर्मन गॉस या अमेरिकन माणसाने शोधून १९३४ साली तिचे पेटंट घेतले. सामान्य वाचकास हे सर्व दूरचे वाटेल, परंतु त्याच्या वीजबिलाशी त्याचा संबंध आहे. रोहित्र दिवसाचे चोवीस तास जोडलेले असते. निफाडच्या द्राक्षबागेतील पंप बंद असला, पंचवटीतील घरातले सर्व दिवे मालवलेले असले, तरी गाभ्यात थोडी वीज जळतच राहते. गाभा हलका असेल तर ती गळती वाढते व वर्षानुवर्षे चालू राहते. जुन्या, मोडीत निघालेल्या रोहित्रांतील पत्रा कापून पुन्हा नव्यात बसविण्याचा प्रकार या व्यापारात अपरिचित नाही. त्याचे खरे मूल्य शेवटी गिऱ्हाईकच भरतो.

देशात आतापावेतो हे पोलाद करणारा कारखाना हा एकच होता आणि बाकीची गरज परदेशातून भागत असे. जगातही ते करणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत व आपली कृती त्या जिवापाड जपतात. जपानच्या निप्पॉन स्टीलने याच पोलादाचे गुपित चोरल्याचा आरोप करून २०१२ साली कोरियाच्या पोस्को कंपनीवर फिर्याद केली, आणि २०१५ साली पोस्कोने ३,००० कोटी येन देऊन तडजोड केली. कागदावरील कृतीचे व कारागिराच्या डोक्यातील अनुभवाचे मोल किती, हे त्या आकड्यावरून कळावे. पण त्याच जपानची दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. निप्पॉन स्टीलच्या पूर्वज कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या आर्मको कंपनीकडून परवाना घेऊन हे पोलाद करण्यास आरंभ केला. आरंभ परवान्याने झाला, परंतु ती परवान्यावर बसून राहिली नाही. तिच्या प्रयोगशाळेत मूळ कृतीहून सरस अशी कृती निघाली आणि पुढे आर्मकोलाच ती जपानकडून परवान्याने घ्यावी लागली. शिष्याने गुरूस विद्या विकली!

आमच्या गोंद्यात चतुर्थांश शतकाहून अधिक काळ हे पोलाद लाटले जात आहे. तेथील कामगार व इंजिनीयर कुशल आहेत यात आम्हांस संशय नाही. तथापि या पोलादाची नवी कृती काढणारी प्रयोगशाळा म्हणून नाशिकचे नाव जगात घेतले जात नाही. कारखाना रेमंडचा असो, जर्मनांचा असो की हल्लीच्या भागीदारीचा असो, विद्येचे माहेर दुसरीकडेच राहिले. खरेदीपत्राने जमीन, यंत्रे, गिऱ्हाइके व चालता धंदा मिळाला. विद्येचा निम्मा धनी मात्र समुद्रापलीकडे आहे, आणि तिचे किती दार या देशातील माणसांस उघडे राहील हे भागीदारीच्या करारातील कलमांवर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल की टाटांनीही परकीयांस आणलेच होते. होय, आणले होते. जमशेटजींचे लक्ष प्रथम आमच्याच चांद्याच्या लोहाऱ्याकडे गेले होते. तेथील खनिज चांगले, पण जवळचा कोळसा या कामास नालायक ठरला, म्हणून बेत पूर्वेकडे गेला. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनी नोंदली गेली व लंडनच्या पेढ्यांनी हात आखडता घेतल्यावर स्वदेशीच्या लाटेत मुंबईच्या लोकांनी सुमारे तीन आठवड्यांत भांडवल भरून दिले. पेरिन हा सल्लागार अमेरिकन, भट्टीवरचे वस्ताद परदेशी. परंतु १९२१ साली तेथे तांत्रिक शाळा निघाली, परदेशी वस्तादाच्या शेजारी देशी मुलगा उभा केला गेला आणि हळूहळू वस्ताद घरी जाऊन मुलगा तेथे राहिला. ही गोष्ट आपोआप घडली नाही. ती कोणीतरी ठरविली होती.

आमचा दुसरा मुद्दा जकातीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी स्वस्त पोलादाच्या लोंढ्यात टाटांचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला, तेव्हा १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने पोलाद-संरक्षणाचा कायदा केला. त्यातील जकात ३१ मार्च १९२७ पर्यंतच होती आणि मुदत संपल्यावर टॅरिफ बोर्डाने पुन्हा चौकशी करावयाची होती. जो धंदा पुढेमागे संरक्षणावाचून उभा राहू शकेल त्यालाच ते द्यावे, असे फिस्कल कमिशनने आधीच सांगून ठेवले होते. आज चित्र पुन्हा तेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी चपट्या पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के जकात बसविली व पुढे उतरत्या दराने ती तीन वर्षांची केली. रोहित्राचे पोलाद तिच्यातून वगळले आहे, कारण देशातील माल गरजेस पुरत नाही. पण गोंद्याहून अडीच लाख टन आणि त्याच भागीदारीच्या विजयनगर येथील कारखान्यातून आणखी माल निघू लागला म्हणजे हे कारण उरणार नाही. त्या दिवशी संरक्षणाचा अर्ज सरकारदरबारी जाईल, असे भाकीत करण्यास ज्योतिषी लागत नाही. युरोपात याच मालाचे जर्मन व फ्रेंच कारखाने थिसेनक्रुपला आशियाई स्वस्त मालामुळे डिसेंबर २०२५ मध्ये काही काळ थांबवावे लागले, तेव्हा अर्ज अगदीच निराधार असेल असेही नाही.

आम्ही राष्ट्रीय धंद्यास संरक्षण देण्याच्या बाजूचे आहोत, आणि म्हणूनच त्याच्या अटी आजच बोलून ठेवतो. देशात विकणारा एकच व बाहेरच्या मालावर जकात, असा योग आला म्हणजे लहान रोहित्र-कारखानदाराचा गळा कोणाच्या मुठीत जाईल? वर्षास पाच-पन्नास टन घेणाऱ्यास मोठ्या कंपनीच्या भावाने माल मिळत नसतो. तो दलालाकडे जातो, आणि दलाल परवडला नाही की पुन्हा मोडीतल्या पत्र्याकडे जातो. यास्तव जकात बसलीच तर ती मुदतबंद असावी, दर वर्षी ती उतरावी, आणि लहान गिऱ्हाइकास द्यावयाच्या मालाचे प्रमाण व भाव प्रसिद्ध करण्याचे बंधन अर्जदारावर असावे. शिवाय संरक्षण मागणाऱ्याने आपल्या करारातील एक कलम सरकारापुढे उघडे करावे: ही कृती सुधारण्याचा हक्क या देशातील कारखान्यास आहे की नाही, आणि सुधारणा झाल्यास ती कोणाच्या मालकीची? व्यापारी गुपिताच्या नावाखाली हे एवढे झाकण्याचे कारण नाही.

गडचिरोलीत अडीच कोटी टनांचा कारखाना काढण्याचे याच कंपनीने २०२५ साली जाहीर केले आहे. जमशेटजींच्या मनातील चांद्याचे लोखंड शंभरांहून अधिक वर्षांनी भट्टीत जाईल. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. नाशिकपुरते आमचे म्हणणे येथील इंजिनीयरिंग व तंत्रनिकेतनांच्या चालकांस उद्देशून आहे. गोंद्याच्या विस्तारासाठी यंत्रे येण्यापूर्वीच त्यांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांची गाठ घ्यावी आणि धातुविद्येचे किती विद्यार्थी प्रयोगशाळेत, किती भाजणीच्या भट्टीवर आणि किती जपानात शिकण्यास घेणार, हे आकड्यांनी लिहून मागावे. येथील व्यापारी मंडळींनी वाहतुकीच्या मक्त्याची बोलणी करण्यास जाताना त्यांस सोबत न्यावे.