कान टवकारलेले बहिरे

इंग्रजी ऐकून समजणे ही एक गोष्ट आणि इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेत गुण मिळवणे ही दुसरी. सांप्रत आपल्याकडे दुसरीच्या पायी पहिलीचा राजरोस बळी दिला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सणासुदीच्या अंकात असले मत मांडणे पुष्कळांना रुचणार नाही. परंतु नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची कोकणात चाल आहे. त्यानंतरच फराळाला बसायचे. वाचकहो, या लेखाला तेवढेच समजा.

परदेशी शिकायला जाणे ही गोष्ट आता बड्या घराण्यांपुरती राहिलेली नाही. सांगली, नाशिक, अकोला, लातूर, कोठेही जा. चार घरांआड एखादे घर सापडेल, जिथला मुलगा किंवा मुलगी कानाला ते दोन बोंडले लावून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून इंग्रजी ऐकत बसलेली असते. आई चहा ठेवून पाऊल न वाजवता निघून जाते. बापाने घर नाहीतर शेत तारण ठेवलेले असते. एवढ्या घरादाराची आशा ज्या अर्ध्या तासावर टांगलेली आहे, तो अर्धा तास आहे तरी कसा, हे आधी पाहू.

या परीक्षांपैकी टोफेल आणि आयईएलटीएस ही दोन नावे आता आजीबाईंच्याही तोंडी आहेत. टोफेल १९६४ पासून घेतली जाते, आयईएलटीएस १९८९ पासून. आयईएलटीएसमधला ऐकण्याचा भाग सुमारे ३० मिनिटांचा असतो. त्याचे चार तुकडे आणि प्रत्येकात १० प्रश्न. पहिल्यात दोघांचे व्यवहारातले बोलणे. कोणी भाड्याची खोली विचारतो, कोणी सहलीची चौकशी करतो. दुसऱ्यात एकटाच माणूस काही माहिती सांगतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक अभ्यासाविषयी बोलतात. चौथ्यात एखाद्या विद्याविषयावरचे छोटे व्याख्यान. सगळे एकदाच ऐकायचे आणि ऐकता ऐकता उत्तरे लिहायची. स्पेलिंग चुकले की गुण गेला. ‘दोनच शब्द’ म्हटले असता तीन लिहिले तरी गेला. ४० पैकी ३०च्या आसपास उत्तरे बरोबर आली की ९ पैकी ७ असा निकाल लागतो. हा निकाल दोन वर्षेच चालतो, म्हणजे कानही मिठाईसारखे शिळे होतात असे दिसते.

माझे भांडण या परीक्षेशी नाही. ज्या विद्यापीठात सगळी व्याख्याने इंग्रजीत होतात, त्याने ‘तुम्हाला ती समजतील ना?’ असे विचारले तर त्यात वावगे काय? कीर्तनाला बसणाऱ्याला मराठी कळायला हवे, तसेच हे. माझे भांडण आहे ते आपण त्या प्रश्नाला जे उत्तर तयार करून देतो आहोत त्याच्याशी. ‘सराव’ या भल्या शब्दाखाली जो धंदा चालला आहे त्याच्याशी. आणि धंदा लहानसहान नव्हे. केवळ परीक्षा घेण्याचा भारतातला आपला व्यवसाय ब्रिटिश कौन्सिलने २०२१ साली आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला, तो १३ कोटी पौंडांना. शिकवण्यांचा बाजार त्याहून निराळा. आपल्या पोरांच्या कानांना काय भाव आहे ते यावरून ध्यानात यावे.

अशाच एका क्लासात मी तीन दिवस मागच्या बाकावर बसलो. मी जन्मभर इंग्रजी शिकवले असल्याने कुतूहल होते. भिंतीवर पाटी होती : येथे मराठी बोलू नये. मास्तर तरुण, चटपटीत. त्यांनी मंत्र दिले ते असे. आधी प्रश्न वाचा. रिकाम्या जागी नाम येणार की आकडा येणार ते ताडा. बोलणाऱ्याने पहिला वार सांगितला की तो खोटा समजा. तो लगेच बदलणार. ‘बट’ किंवा ‘हाऊएव्हर’ कानावर पडले की पेन सरसावा. आणि शेवटचा महामंत्र : सगळे समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका, उत्तर तेवढे पकडा!

याला ऐकणे म्हणायचे? हे तर बगळ्याचे ध्यान झाले. बगळ्याला मासोळीशी कर्तव्य; नदी कोठून आली, कोठे चालली, तिला पूर का आला, याच्याशी त्याला काय करायचे आहे?

बरे, त्या तीन दिवसांत शिकवणे किती झाले? ध्वनिमुद्रण लावायचे, चाळीस प्रश्न सोडवायचे, उत्तरे वाचून दाखवायची, गुण फळ्यावर मांडायचे, की दुसरे ध्वनिमुद्रण. एका मुलीला तिन्ही दिवस १९, २० आणि १९ असे गुण पडले. ती रडवेली झाली होती. तिला मास्तरांनी सांगितले, ‘आणखी प्रॅक्टिस कर.’ पण तुला जे ऐकू आले नाही ते का ऐकू आले नाही, हे तिला कोणी म्हणता कोणी विचारले नाही. दिवसातून चार वेळा तापमापक लावल्याने ताप उतरत नाही, हे घरातल्या बाईमाणसालाही कळते. सरावाच्या नावाखाली या मुलांना निव्वळ तापमापक लावला जात आहे.

मग औषध कोणते? त्यासाठी रोग कोठे आहे ते पाहिले पाहिजे. आपली मुले इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली असतात. शब्द पुस्तकात पाहिला, अक्षरांवरून वाचला आणि तसाच मनात ठेवला. ‘कंफर्टेबल’ हा शब्द आपण चार ठोक्यांत म्हणतो : कं-फर-टे-बल. इंग्रज माणूस पहिल्या ठोक्यावर सगळा जोर देऊन बाकीचे गिळून टाकतो आणि ‘कम्फ्टब्ल’ असे काहीसे बोलून मोकळा होतो. आपला मुलगा चार ठोक्यांची वाट पाहत राहतो, आणि शब्द त्याच्या नाकासमोरून निघून जातो. तोच शब्द छापून दाखवा, तो म्हणेल, ‘हा तर मला पाचवीपासून येतो!’ ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, शब्दाचा सगळा चेहराच पालटतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक शेवटच्या ‘न’वर जितका आहे त्याहून अधिक जोर कोठे पडला यावर आहे. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘हॅव’ असले चिल्लर शब्द तर बोलताना इतके पुसट होतात की ते उच्चारले गेले की नाही याचीच शंका यावी.

यात इंग्रजीचाच काही विशेष अपराध आहे असे नाही. आपणही ‘काय म्हणालास’ हे वाक्य बोलताना ‘काय म्हण्लास’ असेच बोलतो. पुण्याचा गृहस्थ प्रथमच मालवणात उतरला, की पहिला दिवस तो नुसता हसून मान हलवत असतो. वऱ्हाडातल्या लग्नात कोल्हापूरकराची तीच गत होते. पण चार दिवस राहिला की कान आपोआप लागतो. कान लागणे! किती नेमका शब्दप्रयोग आहे हा. त्या परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेचे असे नाना तऱ्हेचे उच्चार कानावर येतात. त्यांना कान लागायला निवांतपणे, पुष्कळ आणि अर्थ कळेल असे ऐकावे लागते. ‘बट’ची वाट पाहणाऱ्या पेनाने तो लागत नाही.

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, तुमचे तत्त्वज्ञान राहू द्या, युक्त्यांनी गुण मिळतात की नाही?’ मिळतात. मी नाही कधी म्हटले? माझ्या भाचीला उत्तम गुण मिळाले. ती इंग्लंडला गेली. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला. ती म्हणाली, ‘मामा, आजच्या लेक्चरमधली सगळी सालं, सगळे आकडे, सगळी नावं मी टिपून घेतली. पण सर नक्की कोणाचं मत खोडून काढत होते, तेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.’ त्या मुलीच्या बुद्धीला नावे ठेवण्याची कोणाची छाती नाही. तिला जे शिकवले तेच तिने केले : मासोळ्या पकडल्या. परीक्षेतले व्याख्यान काही मिनिटांचे, विद्यापीठातले तासाचे. परीक्षेत प्रश्न आधी छापून पुढ्यात असतात. वर्गात प्रश्न आपले आपल्याला सुचावे लागतात. त्या तासाला रिकाम्या जागा नसतात, आणि ‘हाऊएव्हर’नंतर येते ते एका शब्दाचे उत्तर नसून एक अख्खा युक्तिवाद असतो. पहिल्या सत्रातच नापास झालेल्या मुलाला ‘आमचा निकाल अमुक टक्के’ या क्लासच्या जाहिरातीचा काय उपयोग?

परीक्षा घेणाऱ्यांना हे उमगले नव्हते असेही नाही. टोफेलच्या जुन्या कागदी परीक्षेत ऐकताना टिपणे काढायला मनाई होती. २००५ साली ती परीक्षा इंटरनेटवर आली तेव्हा टिपणांची मुभा मिळाली; आणि व्याख्यान आधी संपूर्ण ऐकायचे, प्रश्न मागाहून पाहायचे, अशी त्या परीक्षेची रीत होती. विद्यार्थी व्याख्यान ऐकतो ते टिपणे घेत, ही साधी गोष्ट परीक्षकांनी मान्य केली. आपले क्लास मात्र टिपणे काढायला शिकवत नाहीत. ते खुणा करायला शिकवतात.

दुसरा आक्षेप असा, की परीक्षेची पद्धत तरी माहीत नको काय? हवी ना! सूचना नीट वाचणे, शब्दांची मर्यादा पाळणे, स्पेलिंग तपासणे, एक उत्तर हुकले तर त्याचा शोक न करता पुढच्याकडे वळणे, हे शिकलेच पाहिजे. पण त्याला चार-पाच नमुना परीक्षा पुरतात. त्यासाठी दोन दोन महिने आणि हजारो रुपये कशाला?

मग उरलेल्या वेळात काय करायचे? मी सांगतो ती रीत फुकट आहे, एवढाच तिचा दोष. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ साली आपले पाठ जगाला मोफत खुले करण्याचे जाहीर केले. त्यांतली कितीतरी व्याख्याने आज घरबसल्या ऐकता येतात. लंडनचे ग्रेशॅम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी विनामूल्य व्याख्याने देत आले आहे. तीही आता इंटरनेटवर आहेत. त्यांतले आपल्या आवडीच्या विषयाचे एक घ्यावे. दहा मिनिटे, मध्ये न थांबता ऐकावे. मग यंत्र बंद करून, वक्त्याने काय म्हटले आणि का म्हटले, ते पाच ओळींत लिहावे. आणि मराठीत लिहावे! पाटी लावणाऱ्यांनी खुशाल कपाळाला हात लावावा. इंग्रजीत लिहायला बसले की मुले ऐकलेले शब्द जसेच्या तसे ओकतात आणि समजल्याचा आव आणतात. मराठीत लिहिताना सोंग चालत नाही. कळले असेल तेवढेच उतरते. नंतर त्या व्याख्यानाचा छापील मजकूर मिळवून समोर धरून पुन्हा ऐकावे, आणि जे शब्द डोळ्यांना ओळखीचे पण कानांना परके निघाले, त्यांच्यावर खूण करावी. ही यादी म्हणजे त्या मुलाच्या रोगाचे खरे निदान. ते शब्द वक्त्यासारखे मोठ्याने म्हणून पाहावेत, कारण जे तोंडात बसते ते कानाला लवकर सापडते. तिसऱ्यांदा मजकूर मिटून ऐकावे. रोज अर्धा तास, तीन महिने. त्या रडवेल्या मुलीला मी हेच सांगितले असते, पण तिथे मराठी बोलायची बंदी होती!

आणि ऐकणे ही काही आपल्याला परकी विद्या नव्हे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. पूर्वरंगात कीर्तनकाराने मांडलेला सिद्धांत ध्यानात ठेवून उत्तररंगातले आख्यान त्याच्याशी जोडत बसणारी आपली निरक्षर आजी ही व्याख्यान ऐकणारी पहिल्या प्रतीची विद्यार्थिनी होती. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिला माणसे गुणपत्रिकेसाठी जात नव्हती. ज्या घरात मूल आजोबांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाही आणि बापही मुलाचे वाक्य पुरे होऊ देत नाही, त्या घरात इंग्रजीचा कान कोठून उगवणार? ज्याला मायबोलीत तासभर चित्त देऊन ऐकता येते, त्याला परभाषेत शब्दांची अडचण पडेल, ऐकण्याची पडणार नाही.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. क्लासची फी भरायची तर भरा. पण संध्याकाळी मूल घरी आले की ‘आज चाळीसपैकी किती?’ हा प्रश्न एकदा तरी गिळा, आणि ‘आज काय ऐकलेस, मला सांग बघू,’ असे विचारा. ते जर मराठीत, सरळ, न अडखळता सांगू लागले तर निर्धास्त राहा. आणि ते जर नुसतेच गुण सांगू लागले, तर त्याचे तिकीट काढण्यापूर्वी त्याच्या कानांचा विचार करा.